सव्वाआठ हजारांचा प्रश्न

प्रिय ताई,

मी ३१ वर्षांचा आहे, मूळ कराडचा, बारावीनंतर पुण्यात आलो तो इथलाच झालो. कॉलेजला असताना पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेत अभिनयाचं बक्षीस मिळालं आणि तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही. तीन वर्षं हिंजवडीत सपोर्टची नोकरी केली, शिफ्टमुळे तालमी बुडायला लागल्या म्हणून सोडली, त्याला आता साडेपाच वर्षं झाली. सध्या एका व्यावसायिक नाटकात रिप्लेसमेंट म्हणून दुसऱ्या अंकातला इन्स्पेक्टर करतो, नाईट (म्हणजे एका प्रयोगाचे पैसे) १८०० रुपये. आमच्या ग्रुपचं एक प्रायोगिक पण आहे, त्यात पैसे मिळत नाहीत, उलट सेट न्यायच्या टेम्पोचे आम्हीच काढतो. मधूनमधून सीरियलमध्ये एखाद्या दिवसाचं काम. पर्सनल लोन आहे, क्रेडिट कार्डावर ६२ हजार थकलेत, मिनिमम भरत राहतो. मागच्या महिन्यात रात्री इंटरव्हलला मेकअपरूममध्ये वसुलीवाल्याचा फोन आला आणि दुसऱ्या अंकात माझी दोन वाक्यं गेली. आप्पांना वाटतं एका सीरियलची बोलणी चालू आहेत, तसं मीच सांगितलंय, गेली दोन वर्षं. दाजींचं कराडला हार्डवेअरचं दुकान आहे, ते म्हणतात ये इकडे, १८ हजार देतो, घरचं जेवण. मित्र म्हणतात मुंबईला शिफ्ट हो, पुण्यात बसून काही होत नसतं. ताई, नाटक सोडू का? की अजून एक वर्ष बघू? आणि आप्पांना काय सांगू?

कर्वेनगरचा एक नट

अरे नटा,

तुझं पत्र आल्यावर मी सल्ला द्यायच्या आधी तुला गृहपाठ दिला, की बाबा रे गेल्या बारा महिन्यांत प्रयोग किती, शूटिंगचे दिवस किती, तालमी किती, आणि महिन्याला खर्च किती ते मोजून पाठव. तू चार दिवस घेतलेस. मग रात्री पावणेदोनला डायरीच्या पानांचे फोटो आले, एका पानावर चहाच्या कपाचा गोल डाग, आणि खाली लिहिलंयस 'ताई, हे बघून मलाच कसंतरी झालं'. होणारच. मी चौतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली एकोणीस संध्याकाळी तालमी करत काढली, त्यामुळे मला दोन्हीकडचं कळतं, पण आधी आकडे बघू, कसंतरी होण्याचं नंतर.

७१ प्रयोग. १८०० प्रमाणे १,२७,८०० रुपये. शूटिंगचे ६ दिवस, ३००० प्रमाणे १८ हजार. एकूण १,४५,८००, म्हणजे महिन्याला सरासरी १२,१५०. आता खर्च: रूमचा हिस्सा ६,५००, मेस ३,६००, पेट्रोल मोबाईल वगैरे २,०००, लोनचा हप्ता ५,३००, कार्डाचे मिनिमम साधारण ३,०००. बेरीज २०,४००. वजा कर. ८,२५० उरतात, म्हणजे कमी पडतात.

हे मी तीनदा करून बघितलं कारण तुझं पत्र वाचताना मला वाटलं होतं की हा मुलगा लाखांच्या खड्ड्यात आहे. तू लिहिलंयस असं की आता आयुष्य संपलं, कला की संसार, पुणे की कराड. आणि कागदावर निघालं काय तर महिन्याला सव्वाआठ हजार रुपये. सव्वाआठ हजार कमी पडतात म्हणून कोणी तेरा वर्षांचं काम सोडून स्क्रू आणि बिजागऱ्या विकायला जातं का? (दाजींच्या दुकानाबद्दल मला आदर आहे, हार्डवेअरचा धंदा कधी बंद पडत नाही, पण ते तुझं दुकान नाही.)

बरं आता डायरीचं दुसरं पान, जे मला जास्त इंटरेस्टिंग वाटलं. ७१ प्रयोगांचे दिवस, ६ शूटिंगचे, तालमीचे तू ५८ मोजलेस. झाले १३५. वर्षाचे दिवस ३६५. राहिले २३०. या २३० दिवसांत तू काय करत होतास असं मी विचारलं तर तुझं उत्तर आलं, 'ताई, अव्हेलेबल राहावं लागतं ना, कधी फोन येईल सांगता येत नाही'.

अव्हेलेबल. हा शब्द मी आमच्या काळापासून ऐकत्ये, तेव्हा मोबाईल नव्हते तर पोरं भरत नाट्य मंदिराच्या बाहेर नाहीतर बालगंधर्व रंगमंदिराच्या कँटीनमध्ये बसून असायची की कोणीतरी बघेल आणि बोलावेल. आता तेच फोन उशाशी घेऊन चालतं. आणि तुझ्याच हिशोबाने बघ, अचानक आलेल्या फोनवर गेल्या वर्षात तुला काम किती मिळालं? ते सहा शूटिंगचे दिवस, त्यातले पण दोन आधी ठरलेले होते. म्हणजे चार दिवसांच्या फोनसाठी तू दोनशे तीस सकाळी मोकळ्या ठेवल्यास. नाटकाचे प्रयोग तर महिनाभर आधी तारखांसकट ग्रुपवर पडतात, त्याला अव्हेलेबल राहण्याचा काय संबंध! तुझी कडकी नाटकामुळे आलेली नाही रे, ही वाट बघण्याची कडकी आहे, आणि त्या बसून राहण्याला आपण सगळ्यांनी मिळून 'स्ट्रगल' असं भारी नाव दिलंय त्यामुळे कोणाला हलावंसं वाटत नाही.

तुम्हा मुलांना डॉ. श्रीराम लागूंचं उदाहरण फार प्रिय. डॉक्टरकी सोडली आणि नाटकात उडी घेतली! हो घेतली, १९६९ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. त्याआधी कान-नाक-घशाचे सर्जन म्हणून काम करत करत पीडीए या पुण्याच्या नाट्यसंस्थेची नाटकं केली, ते मात्र कोणी सांगत नाही कारण त्यात थ्रिल नाही. जब्बार पटेल लहान मुलांचे डॉक्टर, दौंडला दवाखाना. मोहन आगाशे मानसोपचाराचे प्राध्यापक. पुण्याच्या नाटकाचा अर्धा इतिहास हा दिवसभर दुसरं काम करून सातला तालमीला आलेल्या लोकांनी घडवलाय, आणि उरलेला अर्धा त्यांना डबा देणाऱ्या घरच्यांनी. आणि नुसत्या कलेवर जगण्याचंच बघायचं तर ज्या माणसाच्या नावाच्या थिएटरमध्ये तू इन्स्पेक्टर होऊन उभा राहतोस, त्या बालगंधर्वांची गोष्ट काय, अख्खा महाराष्ट्र वेडा केला, खरी अत्तरं आणि भरजरी शालू स्टेजवर आणले, आणि कंपनी कर्जात बुडाली. १९६२ मध्ये त्या थिएटरचा पाया त्यांच्या हातून घातला गेला, १९६८ मध्ये ते उघडलं तेव्हा ते नव्हते. त्यांचा आवाज तुला मिळायचा नाही, कर्ज मात्र तू बरोबर उचललंयस.

रागावू नकोस. पुढे कामाचं सांगते.

आधी कार्ड. तू महिन्याला ३००० भरतोस आणि तुला वाटतं कर्ज फिटतंय. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, ६२ हजारांवर झाले २,१७०. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, आणखी ३९०. म्हणजे तुझ्या तीन हजारातले २,५६० हवेत गेले आणि मुद्दलातून कमी झाले चारशे चाळीस रुपये. एका नाईटचे आणि वर जवळजवळ निम्म्या नाईटचे पैसे तू दर महिन्याला नुसते बँकेला ओवाळून टाकतोयस. त्यामुळे हे ६२ हजार कार्डावरून उचलून दुसरीकडे न्यायचेत, कुठेही ने, पतसंस्थेचं १४ टक्क्यांचं कर्ज जरी मिळालं तरी ते या व्याजाच्या एक तृतीयांश आहे.

पण मला विचारशील तर मी दाजींकडे जाईन. नोकरी मागायला नव्हे, उसने मागायला. दाजी तुला महिना १८ हजार द्यायला तयार आहेत म्हणजे त्यांचा तुझ्यावर जीव आहे आणि खिशात पैसेही आहेत, दोन्ही एकाच माणसात क्वचित सापडतं. त्यांना म्हण, दाजी, ६२ हजार द्या, महिन्याला तीन हजार प्रमाणे एकवीस महिन्यांत फेडतो, आणि हे कागदावर लिहून सही करून दे, ते 'असू दे रे, घरातलाच आहेस' म्हणाले तरी दे. हप्ता पाच तारखेला ऑटोमॅटिक जाईल असं लावून टाक. तीन हजार तू आत्ताही भरतोसच, फक्त आता ते मुद्दलातून जातील. बहिणीच्या सासरी मान खाली जाईल वगैरे वाटत असेल तर सांगते, मान हप्ता चुकल्यावर खाली जाते, मागितल्याने नाही. आणि कार्ड कात्रीने काप. खरंच काप, मी बँकेत असताना लोकांना माझ्यासमोर कापायला लावायची, हातात तुकडे आले की माणसाचा चेहरा जरा हलका होतो.

आणि तो इंटरव्हलचा फोन. वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही असं रिझर्व्ह बँकेने सांगितलेलं आहे, त्यामुळे तो रात्रीचा फोन नियमात बसतच नव्हता. पुन्हा आला तर स्क्रीनशॉट काढ आणि त्या बँकेच्या तक्रार विभागाला मेल कर, तारीख वेळ नंबर सगळं घालून. एका मेलने पुष्कळदा फोन शांत होतात. (आणि मेकअपरूममध्ये फोन चालू ठेवणाऱ्या नटाची दोन वाक्यं जायलाच पाहिजेत, हे माझं खाजगी मत.)

आता सकाळ विकायची. सात ते बारा, किंवा नऊ ते एक, तुझं तू ठरव, पण ती वेळ पक्की आणि संध्याकाळ नाटकाची. महिन्याला दहा-बारा हजार एवढंच ध्येय, करिअर बिरिअर काही नाही. तुला एक गोष्ट येते जी शंभरात पंच्याण्णव लोकांना येत नाही, मोठ्याने स्वच्छ बोलता येतं. शाळांची स्नेहसंमेलनं डिसेंबर-जानेवारीत असतात आणि नाटक बसवून देणारा माणूस शाळा ऑक्टोबरपासून शोधत असतात, तुला वाटतं ते कमी दर्जाचं काम, पण चाळीस पोरांना एका रंगमंचावर न धडपडता चालायला लावणं हे तुमच्या ब्लॉकिंगपेक्षा अवघड आहे. एप्रिल-मेमध्ये उन्हाळी शिबिरं. डबिंग, ऑडिओबुकचं वाचन, कंपन्यांचे ट्रेनिंगचे व्हिडिओ, सोसायट्यांच्या कार्यक्रमांचं निवेदन. आणि लाइट्स ऑपरेट करायला शिक, तुमच्याच नाटकाच्या लाइटवाल्या दादांच्या मागे दहा प्रयोग उभा राहा, कारण नट शंभर आहेत आणि क्यू न चुकवणारा ऑपरेटर हुडकावा लागतो, शिवाय ते पैसे पण नाईटवर मिळतात. हे सगळं सुटं सुटं नको असेल, डोक्याला ताप नको असेल, तर सरळ एखाद्या ऑफिसमध्ये अर्ध्या दिवसाची नोकरी धर. मला बँकेत कॅश मोजून कधी कमीपणा वाटला नाही, उलट प्रायोगिकमध्ये कोणी उगाच अरेरावी केली तर मी 'नमस्कार, येते' म्हणून निघू शकायची कारण माझा पगार एक तारखेला होता. ही चैन फुलटाइमवाल्यांना परवडत नाही.

नाईटच्या पैशांवर जरा जास्त बोलायचंय कारण तू पत्रात लिहिलं नाहीस पण डायरीत दिसलं. पान नऊ, दोन प्रयोगांसमोर पेन्सिलने 'बाकी' लिहिलंयस, आणि ते दोन प्रयोग अडीच महिन्यांपूर्वीचे आहेत. ३६०० रुपये. मागितलेस का? नसणार.

मला माहिती आहे कसं होतं ते. एकदा मला पण एका व्यावसायिक नाटकात रिप्लेसमेंटला बोलावलं होतं, नाव नाही घेत, नाईट दीडशे. बाहेरगावचा प्रयोग संपला, मी आरशासमोर खोबरेल तेल लावून मेकअप काढत होते, आणि व्यवस्थापक आले, बगलेत चॉकलेटी रेग्झिनची पर्स, त्यातून रबरबँड लावलेली पाकिटं काढून एकेकाच्या हातात देत देत माझ्यापर्यंत आले आणि पाकिटांचा गठ्ठा संपला. 'तुमचं पुढच्या वेळी एकत्र घेऊ हां', आणि इतकं गोड हसले की मीच म्हटलं 'हो हो, काही घाई नाही'. काही घाई नाही! असे चार प्रयोग झाले, मग जुनी नटी बरी होऊन परत आली आणि माझे सहाशे रुपये कायमचे राहिले. दिवसा काउंटरवर मी लोकांना चार आण्यांचा फरक सुटू द्यायची नाही, आणि संध्याकाळी स्वतःच्या घामाचे सहाशे मागायला तोंड उघडलं नाही, का तर आपण कलाकार, पैशाचं काय बोलायचं. या 'काय बोलायचं' वर कितीतरी लोकांचे फ्लॅट उभे राहिलेत, पण ते नटांचे नाहीत.

तर कसं मागायचं ते ऐक. प्रयोगानंतर मागायचं नाही, तेव्हा सेट काढायची गडबड असते, बस लागलेली असते, सगळ्यांना भूक असते आणि 'उद्या बघू' हे आपोआप तोंडातून येतं. प्रयोगाच्या आदल्या दिवशी दुपारी व्हॉट्सॲपवर लिहायचं: 'दादा, उद्या पाचला पोचतो. मागच्या दोन नाईट्सचे ३६०० बाकी आहेत, उद्याच्या १८०० सोबत क्लिअर करूया.' बस. सॉरी नाही, हसरा चेहरा नाही, घरात अडचण आहे असली कारणं नाहीत. लेखी राहतं आणि समोरच्याला रात्रभर वेळ मिळतो. नाही दिले तर पुढच्या तारखा मिळाल्यावर तेच परत लिहायचं. फक्त एक पथ्य, तिसऱ्या घंटेला अडून बसायचं नाही. मेकअप चढला की प्रयोग करायचाच, समोर तिकीट काढून बसलेल्या माणसाने तुझे पैसे बुडवलेले नाहीत. भांडण असेल तर ते दुसऱ्या दिवशी, तोंड धुऊन.

आणि पुढच्या नव्या नाटकाच्या वेळी वाचनालाच विचार: नाईट किती, दौऱ्याचा भत्ता किती, तालमीचे काही आहेत का, पैसे त्याच रात्री का महिन्याने. वाईट कोणाला वाटत नाही, आपल्यालाच वाटतं.

प्रायोगिकचं बंद कर असं मी म्हणणार नाही, मी एकोणीस वर्षं तेच केलं आणि वर्गणी भरून केलं. पण टेम्पोचे पैसे खिशातून किती गेले ते लिहीत जा. शंभर माणसं, दोनशेचं तिकीट, वीस हजार, त्यातून हॉलचं भाडं, लाइट, टेम्पो, वडापाव, आणि राहिलं तर आठ जणांत वाटणी, हे गणित कोणालाच सुटलेलं नाही. तू कर्जात असताना तू श्रम द्यायचे, पैसे नाही, एवढं ग्रुपला सांग. मित्र असतील तर समजतील.

मुंबईचं पटकन संपवते. कर्ज असताना डिपॉझिट भरून मुंबईला जायचं नाही. आज ऑडिशनची पहिली फेरी बहुतेक सेल्फ टेपवरच (स्वतःच काढलेल्या व्हिडिओवर) होते, कर्वेनगरच्या भिंतीसमोर उभा राहून पाठव की. समज मोठी सीरियल मिळाली, तर दिवसाचे बारा-तेरा तास सेटवर, नाटकाच्या तारखा सुटल्या, आणि पैसे साधारण नव्वद दिवसांनी. नव्वद! म्हणजे काम लागलं तरी तीन महिने मुंबईत राहायचे पैसे आधी खिशात लागतात, ते तुझ्याकडे आहेत का? जेव्हा सत्तर-ऐंशी हजार बाजूला पडतील तेव्हा पुन्हा लिही, तेव्हा बोलू.

बारीकसारीक. शूटिंगच्या त्या १८ हजारातून टीडीएस कापला असेल तर १० टक्क्याने १८०० झाले, बरोबर तुझी एक नाईट. तुझं उत्पन्न करात बसतच नाही, रिटर्न भरलास की परत मिळतो, आणि रिटर्न भरलेला असला की पतसंस्थेत पण जरा बरं बघतात. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची ज्युनिअर फेलोशिप आहे, वय २५ ते ४०, महिन्याला दहा हजार, दोन वर्षं, त्याच मंत्रालयाच्या सीसीआरटी या संस्थेकडून अर्ज निघतात, त्यात नाटक बसतं. अर्ज कर, पण मिळेपर्यंत विसरून जा, सरकारी पैसा खात्यात आल्याशिवाय हिशोबात धरायचा नसतो. राज्य सरकारचं ज्येष्ठ कलावंतांचं मानधन पण आहे महिना पाच हजार, त्याला पन्नाशी लागते, तू अजून एकोणीस वर्षं जिवंत राहा म्हणजे झालं. त्यासाठी रात्री तीनला दौऱ्यावरून आल्यावर बाईक हळू चालव आणि मेडिक्लेम काढ, पहिल्या वाढीव पैशातून, मोबाईल बदलायच्या आधी.

'अजून एक वर्ष बघू का' असं विचारलंयस. वर्ष बिर्ष नाही. तू साडेपाच वर्षांपूर्वी पण एकच वर्ष म्हणाला असशील. कार्डाचे एकवीस महिने हा तुझा काळ, दाजींचा शेवटचा हप्ता जाईपर्यंत सकाळचं काम, संध्याकाळचं नाटक आणि डायरी चालू. त्या दिवशी डायरी उघडून बघ, प्रयोग ७१ चे नव्वद झालेत का पन्नास, नाईट १८०० च्या वर सरकली का, कोणी स्वतःहून बोलावलं का. तेव्हा जर तुला असं वाटलं की सकाळी शाळेतल्या पोरांचं नाटक बसवतानाच जास्त मजा येत होती आणि संध्याकाळी इन्स्पेक्टरचा बेल्ट बांधताना हात जड होतो, तर सोड खुशाल, कोणाला उत्तर द्यायला नको. नाटक सोडलेली पण सुखी माणसं मी पुष्कळ बघितलीत, पुरुषोत्तमला 'अरे आवाज कुणाचा' म्हणून घसा फोडलेली अर्धी पोरं आज बाणेर-बालेवाडीत हप्ते भरतात आणि रविवारी तिकीट काढून नाटकाला येतात, त्यांच्यामुळेच तुझी नाईट निघते. पण कर्जाच्या धाकाने सोडलंस तर ती सल राहील आणि ती तू दाजींच्या दुकानात गिऱ्हाइकांवर काढशील.

राहिले आप्पा. हे मला सगळ्यात अवघड वाटतं, हिशोबापेक्षा. दोन वर्षं त्यांना सीरियलची बोलणी सांगतोयस, म्हणजे ते कराडला चौघांत तेच सांगत असणार, 'पोराची बोलणी चालू आहेत', आणि चौघं विचारत असणार कधी लागणार, आणि ते रोज संध्याकाळी चॅनेल बदलून बघत असणार. फोनवर सांगू नकोस. त्यांनी तुझा एकही प्रयोग बघितलेला नाही असं तू तिसऱ्या मेसेजमध्ये लिहिलंस, मी विचारलं नव्हतं, तूच लिहिलंस. रविवारी दुपारी साडेबाराचा प्रयोग असेल ना एखादा, त्याला बोलाव. कराडहून सकाळची एसटी पकडली की वेळेत स्वारगेट, वय ६६ म्हणतोस तर त्यांना अर्धं तिकीट, रात्री घरी परत. प्रयोगानंतर त्यांना घेऊन जेवायला बस आणि ती डायरी त्यांच्यासमोर ठेव, चहाच्या डागासकट, ७१ आणि १८०० आणि ६२ हजार सगळं. सीरियल नाही म्हणून सांग. ते गप्प बसतील, कदाचित जेवणार नाहीत, तेवढं सोस.

आणि त्यांच्यासाठी पास मागू नकोस. तिकीट काढ, पाचव्या-सहाव्या ओळीतलं, मधलं.